धावपट्टी संपल्यावरचे हजार फूट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर, नेहमीप्रमाणे थोडा झाडूनपुसून. बोलण्याच्या भरात सुटलेले दोन-तीन आकडे इथे घातले आहेत आणि माझे ‘अं... म्हणजे...’ काढून टाकले आहेत. सगळे निघालेले नाहीत.

आजचा विषय आहे जमिनीचा एक तुकडा. विमानतळाची धावपट्टी संपते, त्याच्या पुढे काय असतं? खिडकीपाशी बसणाऱ्यांनाही हा तुकडा सहसा दिसत नाही, कारण विमान तिथपर्यंत जातच नाही. जाऊ नये अशीच अपेक्षा असते. तरीही अमेरिकेत नियम असा की मोठ्या प्रवासी विमानतळावर धावपट्टीच्या टोकापुढे १००० फूट लांब आणि ५०० फूट रुंद पट्टा मोकळा, सपाट आणि टणक हवा. म्हणजे साधारण ३०० मीटर बाय १५० मीटर. आपल्याकडे आणि बाकी जगात याचं भावंड म्हणजे ‘रेसा’, रनवे एंड सेफ्टी एरिया. आंतरराष्ट्रीय नियमात तो किमान ९० मीटर लागतो आणि मोठ्या धावपट्ट्यांसाठी २४० मीटरची शिफारस आहे.

हे १००० फूट कुठून आले? अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, जुन्या अपघातांची नोंद तपासली. धावपट्टी ओलांडून गेलेली विमानं कुठे थांबली? तर दहापैकी नऊ वेळा टोकापासून १००० फुटांच्या आत. टोक ओलांडताना त्यांचा वेग बहुधा ७० नॉट किंवा कमी, म्हणजे ताशी साधारण १३० किलोमीटर. तेवढी जागा मोकळी ठेवली की दहातली नऊ विमानं चिखलात रुतून थांबतील, प्रवासी घसरगुंडीवरून उतरतील आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बातमी येईल. मी सॉफ्टवेअरवाला आहे, विमानाचा इंजिनिअर नाही, पण हा विचार मला ओळखीचा वाटतो. आमच्या कोडमध्ये ‘हे कधी होणारच नाही’ असं वाटणाऱ्या गोष्टीसाठी लिहिलेला भाग असतो. तो वर्षानुवर्षं चालत नाही, डेमोत कुणाला दाखवता येत नाही, आणि बजेट कापायची वेळ आली की पहिला तोच उडतो.

फरक एवढाच की आमचा तो भाग डिस्कवर काही केबी जागा खातो, आणि हे १००० फूट कुणाच्या तरी नदीत, खाजणात, शेतात नाहीतर घरात असतात. विमानतळ शहराच्या कडेला, सपाट आणि स्वस्त जागेवर बांधायचा म्हटला की ती जागा बहुतेक वेळा खाडीकाठची दलदल निघते. ती त्या काळी ‘पडीक’ समजली जायची, म्हणून तर स्वस्त.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण न्यूयॉर्कचं जेएफके.

१९४२ च्या सुमाराला क्वीन्सच्या दक्षिण टोकाला जमैका बे नावाच्या खाडीच्या काठी आयडलवाइल्ड नावाचं गोल्फचं मैदान होतं, आणि आजूबाजूला खाजण. तिथे विमानतळ करायचं ठरलं. भरावाची वाळू लांबून आणायची गरज नव्हती, खाडीच्याच तळातून पंपाने उपसली आणि पाण्याबरोबर दलदलीवर ओतली. १९४८ च्या जुलैत विमानतळ सुरू झाला. केनेडींच्या हत्येनंतर, १९६३ च्या डिसेंबरात त्याला त्यांचं नाव दिलं. वाळू उपसली तिथे खाडीत मोठा खोल खड्डा पडला. त्या भागाला ग्रासी बे म्हणतात. नावात गवत आहे, पण तळाशी पाणी खेळत नाही आणि ऑक्सिजन कमी पडतो. ऐंशी वर्षं होत आली, खड्डा आहे तिथेच आहे.

आता गंमत बघा. त्याच खाडीच्या मधोमध, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, न्यूयॉर्क शहराच्याच उद्यान खात्याने गोड्या पाण्याची दोन तळी करून पक्ष्यांसाठी अभयारण्य केलं. म्हणजे एकाच खाडीत एका बाजूला जेट विमानं आणि दुसऱ्या बाजूला स्थलांतरित पक्षी. दोघांनाही सपाट, मोकळी, समुद्राकाठची जागा लागते, दोघंही वाऱ्याची दिशा बघून उतरायचं ठरवतात. शेजार अवघड होणार हे उघड होतं, आणि झालाही. १२ नोव्हेंबर १९७५ ला एक डीसी-१० उड्डाणासाठी धावत असताना समुद्रपक्ष्यांचा थवा इंजिनात गेला. वैमानिकांनी उड्डाण रद्द केलं, विमान थांबवलं, पण ते जळून खाक झालं. आत १३९ जण होते आणि सगळे वाचले. बहुतेक सगळे विमान कंपनीचेच कर्मचारी होते, दार उघडून पटापट बाहेर कसं पडायचं हे त्यांना पाठ होतं.

पण माझी गोष्ट त्याच्या थोडी आधी सुरू होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी जेएफके तुडुंब भरला होता. विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीला धावपट्ट्या जमैका बेमध्ये आणखी पुढे न्यायच्या होत्या, म्हणजे पुन्हा भराव. पण काळ बदलला होता. १ जानेवारी १९७० ला निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर सही केली होती. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणारा मोठा प्रकल्प असेल तर आधी त्याचे परिणाम लिहून काढा, पर्याय मांडा, लोकांपुढे ठेवा, मग ठरवा, असा तो कायदा. पोर्ट अथॉरिटीने राष्ट्रीय विज्ञान अकादमीला विचारलं, की आम्ही धावपट्ट्या खाडीत वाढवल्या तर काय होईल? अकादमीने जीवशास्त्रज्ञ, इंजिनिअर, समाजशास्त्रज्ञ असे वेगवेगळे लोक बसवले आणि १९७१ मध्ये अहवाल दिला. सार काय तर नका करू. खाडीचं नुकसान होईल, भोवतीच्या वस्त्यांना आवाजाचा त्रास वाढेल, आणि विमानतळाची गर्दी कमी करायचे दुसरे मार्ग आहेत. पोर्ट अथॉरिटीने ती योजना सोडली. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, खाडीचा मोठा भाग गेटवे नावाच्या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात गेला आणि भरावाचा दरवाजा जवळपास बंद झाला.

पर्यावरणवाद्यांच्या पुस्तकात ही गोष्ट इथे विजयाने संपते. माझ्या मते ती इथे सुरू होते.

२८ फेब्रुवारी १९८४. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं डीसी-१० स्टॉकहोमहून ऑस्लोमार्गे न्यूयॉर्कला आलं. आत १७७ माणसं. धावपट्टी ‘४ उजवी’, लांबी ८४०० फूट. विमान गरजेपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने आलं आणि चाकं टेकली ती धावपट्टीच्या सुरुवातीपासून ४७०० फुटांवर. अर्ध्याहून जास्त धावपट्टी मागे गेलेली, समोर पाऊस आणि ओला डांबर-काँक्रीट. टोकाला दिव्यांचे खांब होते. ते चुकवायला वैमानिकांनी विमान उजवीकडे वळवलं आणि ते पुढच्या थर्स्टन बेसिन या भरती-ओहोटीच्या पाण्यात जाऊन बसलं, टोकापासून साधारण ६०० फुटांवर. सगळे वाचले, काही जखमी झाले.

तपास अहवालात चालक दलाचे दोष सांगितले आहेत. वेगाचे नियम पाळले नाहीत, पुन्हा वर घेण्याऐवजी उतरायचा हट्ट धरला, आणि वेग आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोथ्रॉटलवर नको इतका भरवसा ठेवला. त्या यंत्रणेत आधीही बिघाड झाल्याची नोंद होती. हे वाचून माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. आधी नोंदवलेला बग, तरीही सगळे त्याच्याच भरवशावर... असो, तो वेगळा भाग होईल.

आता जमिनीचा प्रश्न. धावपट्टीपुढे १००० फूट सपाट जागा असती तर विमान कदाचित गवतात थांबलं असतं. पण तिथे ६०० फुटांवर पाणी होतं. भर घालून जागा करायची तर खाडीला हात लावायचा, आणि तेरा वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी नेमकं त्यालाच नको म्हटलं होतं. शिवाय १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली पाणथळ जागेत भराव टाकायचा तर आधी सिद्ध करावं लागतं की याला व्यवहार्य पर्यायच नाही.

म्हणजे एका पारड्यात १७७ माणसं आणि दुसऱ्यात बगळे, खेकडे, खाजण. चर्चा अशीच मांडली जाते, आजही. ‘पक्षी महत्त्वाचे की माणसं?’ असं टीव्हीवर विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. पण प्रश्न असा मांडला की तिसरी वाट शोधायची गरजच कुणाला वाटत नाही. जेएफकेमध्ये भर घालायचा मार्ग बंद होता, म्हणून ती वाट शोधावी लागली. हा माझा अर्थ आहे, कुठल्या सरकारी कागदात असा लिहिलेला नाही. पण घटनांचा क्रम बघा आणि तुम्हीच ठरवा.

प्रश्न इंजिनिअरिंगच्या भाषेत लिहिला तर सोपा दिसतो. ताशी १३० किलोमीटरने येणारं विमान १००० फुटांत आपोआप थांबतं, तेच ६०० फुटांत थांबवायचं. कसं?

पुळणीत स्कूटर घातली आहे कधी? चाक रुततं, वाळू ढकलत ढकलत पुढे जातं आणि सगळी ताकद त्यातच खर्च होते. हीच कल्पना. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात फार्नबरोला खडी आणि फेस यांवर प्रयोग झाले होते. खडीची अडचण अशी की ती इंजिनात उडते, थंडीत गोठून टणक होते आणि पावसाने दबते. हवं होतं असं काहीतरी, जे चाकाखाली ठरलेल्या जोराने चुरडेल, नाकाचं चाक मोडणार नाही इतकं मऊ असेल, अग्निशमनाची गाडी त्यावरून जाऊ शकेल, जेटच्या झोताने उडणार नाही, पावसात-बर्फात तसंच राहील, आणि पक्ष्यांना तिथे घरटं करावंसं वाटणार नाही. शेवटची अट ऐकून मला हसू आलं होतं, पण १९७५ चा तो डीसी-१० आठवा.

एफएएने डेटन विद्यापीठाच्या संशोधकांकडून आधी गणिती मॉडेल करून घेतलं. मग न्यू जर्सीत, अटलांटिक सिटीच्या आपल्या तांत्रिक केंद्रात खरं बोइंग ७२७ फेसाच्या थरात घालून पाहिलं. एवढ्यात पोर्ट अथॉरिटीही यात आली होती, कारण गरज तिचीच होती. शेवटी पसंत पडला तो हवेचे बुडबुडे भरलेला हलका सिमेंट, ठोकळ्यांच्या रूपात. चाक वर आलं की ठोकळा बिस्किटासारखा चुरतो. पहिला थर १९९६ मध्ये बसवला, तो कुठे? जेएफकेच्या त्याच ‘४ उजवी’ धावपट्टीच्या टोकाला, थर्स्टन बेसिनच्या अलीकडे. याला म्हणतात ईमास.

तीन वर्षांतच परीक्षा झाली. ८ मे १९९९, सकाळ, धुकं. अमेरिकन ईगलचं छोटं साब-३४० विमान आलं, आत ३० जण. वैमानिक थकलेले, विमान उंच आणि वेगात, चाकं टेकली तेव्हा धावपट्टी जवळजवळ संपत आलेली. ते सरळ ईमासमध्ये घुसलं आणि अडीचशे फुटांच्या आत थांबलं. एकाला गंभीर दुखापत झाली. पुढे पाणी होतं, तिथवर ते पोचलं नाही. २००३ च्या मे महिन्यात त्याच विमानतळावर एक मालवाहू एमडी-११ असंच अडकलं आणि २००५ च्या जानेवारीत एक मालवाहू ७४७. अख्खं ७४७! एका खाडीला ‘नाही’ म्हटल्यावर जन्मलेली ही गोष्ट नंतर देशभर गेली. २०१६ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार माइक पेन्स यांचं विमान शेजारच्याच लागार्डियावर धावपट्टी ओलांडून गेलं, तेही याच ठोकळ्यांत थांबलं. त्यांचं नाव घेतलं की लोकांना पटकन आठवतं, म्हणून सांगितलं. ७४७ जास्त भारी आहे असं माझं मत.

इथवरची गोष्ट फार गोड वाटत असेल तर थांबा.

३० नोव्हेंबर २००५ ला अमेरिकेच्या काँग्रेसचा एक कायदा झाला. प्रवासी विमानतळांनी ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत टोकाच्या जागा नियमात बसवाव्यात. सही होऊन आठच दिवस झाले होते. ८ डिसेंबरला शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिमवादळात साउथवेस्टचं ७३७ थांबलंच नाही. कुंपण तोडून ते बाहेरच्या सेंट्रल अव्हेन्यूवर आलं आणि तिथल्या एका गाडीवर आदळलं. गाडीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. तो विमानात नव्हता, आईवडिलांबरोबर रस्त्यावरून चालला होता. टोकापुढच्या त्या जागेचा प्रश्न फक्त तिकीट काढणाऱ्यांचा नाही हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

त्यानंतर दहा वर्षं धावपळ सुरू झाली आणि प्रत्येक विमानतळावर तीच चार उत्तरं टेबलावर आली. एक, भर घाला. दोन, ईमास बसवा. तीन, धावपट्टी दुसऱ्या बाजूला सरकवा. चौथं उत्तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नावडतं. ते म्हणजे धावपट्टी आहे तेवढीच ठेवायची, पण कागदावर छोटी घोषित करायची. शेवटचे काही फूट ‘नाहीतच’ असं समजून वैमानिकांनी हिशेब करायचा. जमीन नको, सिमेंट नको, खाडी नको. पण विमानात माल आणि माणसं कमी भरावी लागतात, मोठी विमानं येऊ शकत नाहीत. म्हणून या पर्यायाला कुणी उघड विरोध करत नाही, फक्त तो यादीत शेवटी ढकलला जातो.

अलास्कातल्या कोडिअॅक बेटावरची चर्चा मला विशेष आवडते, कारण ती एका माशाभोवती फिरते. विमानतळाशेजारी बस्किन नदी समुद्राला मिळते. नदीत सॅमन येतो, आणि तिथले मूळनिवासी आणि इतर रहिवासी घरच्या जेवणासाठी तो पकडतात. छंद म्हणून नव्हे, हिवाळ्याची बेगमी म्हणून. सॅमनची पिल्लं नदीतून निघाली की लगेच खोल समुद्रात जात नाहीत. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, जिथे गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं, तिथे काही काळ रेंगाळतात. धावपट्टीसाठी तिथेच दगडांचा भराव टाकला तर त्यांची बालवाडीच गेली. एफएएने अनेक वर्षं घालवून जाडजूड अहवाल केला, आणि उत्तर-दक्षिण धावपट्टीसाठी भराव नदीच्या मुखाकडे न टाकता दक्षिणेच्या टोकाला टाकायचा पर्याय निवडला, जोडीला ईमास. भर टळली नाही. पण ती कुठे पडते, याने किती फरक पडतो ते बघा.

याउलट वेस्ट व्हर्जिनियातलं चार्ल्स्टन. डोंगराची माथी कापून केलेला विमानतळ, टोकाला खोल उतार. तिथे खालून सुमारे २४० फूट उंच मातीचा उतार रचून वर ईमाससाठी जागा केली. १९ जानेवारी २०१० ला ३४ जणांचं विमान उड्डाण रद्द करताना त्यात अडकलं आणि एकालाही खरचटलं नाही. पैसे वसूल, असं सगळे म्हणाले असतील. १२ मार्च २०१५ ला तो रचलेला उतारच घसरला. ईमासचा मोठा तुकडा दरीत गेला. माती खालच्या ओढ्यात पडली, ओढा तुंबला, एक चर्च आणि एक घर गेलं. माणसं आधीच हलवली होती म्हणून कुणी दगावलं नाही. वरच्या प्रवाशांचा धोका कमी करताना आपण तो खालच्या गल्लीत नेऊन ठेवला, आणि खालच्या गल्लीला कुणी विचारलं होतं का?

(रेकॉर्डिंगच्या वेळी मी इथे बराच वेळ गप्प होतो. तो भाग कापला आहे.)

आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. मुंबईत नदी आधी आणि धावपट्टी नंतर आली. मिठी विमानतळाच्या खालून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर माधवराव चितळे यांच्या समितीने पुराची कारणं तपासली, तेव्हा विमानतळापाशी नदीने घेतलेली काटकोनी वळणंही चर्चेत आली. नदीला वळवताना त्या काळी कुणी तिचा जाडजूड अहवाल केला नव्हता. बिल आलं ते कुर्ला-कलिनाच्या घरांत.

पण आजच्या विषयाशी सगळ्यात जवळचं आहे केरळ. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेकडीवरच्या धावपट्टीवरून दरीत गेलं आणि १५८ जण गेले. मंगळूर कर्नाटकात आहे हे मला माहीत आहे. भूगोल मात्र तोच, जांभ्याच्या टेकडीचा माथा सपाट केलेला आणि दोन्ही टोकांना खोल उतार. ७ ऑगस्ट २०२० ला, पावसात, कोळिकोडला पुन्हा तेच. दुबईहूनच आलेलं, त्याच कंपनीचं, १९० जणांचं विमान निम्मी धावपट्टी ओलांडल्यावर टेकलं आणि पुढे उताराखाली गेलं. २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे पूर्वी हवाई दलात होते, त्यांचे आईवडील नागपूरला. त्या आठवड्यात मराठी चॅनलांवर दुसरं काही नव्हतं. आठवडाभर.

मग शांतपणे जे घडलं ते फारसं बातम्यांत आलं नाही. रेसा वाढवायचा होता. विमानतळ प्राधिकरणाने चौथ्या उत्तराजवळचंच उत्तर काढलं. धावपट्टी २८६० मीटरवरून २५४० मीटरवर आणायची आणि उरलेला तुकडा सुरक्षेसाठी सोडायचा. जमीन नको, भराव नको. पण कोळिकोड म्हणजे आखाताचं दार. लाखो मलबारी कुटुंबांचं पोट तिथून चालतं, हजची विमानं तिथून सुटतात. धावपट्टी छोटी झाली तर मोठी विमानं कायमची गेली. विरोध झाला, आणि तो पोकळ नव्हता. मग ठरलं की धावपट्टी तशीच ठेवायची, टोकांपुढे साडेचौदा एकर जमीन संपादन करायची आणि तिथे भर घालून रेसा करायचा. काही कुटुंबांची घरं त्यात गेली.

आता भर घालायची तर माती हवी. टेकडीच्या माथ्यावरचा विमानतळ, टोकाखाली दरी, म्हणजे प्रचंड माती. ती कुठून येणार? आसपासच्या दुसऱ्या टेकड्या उकरून. त्याला खाणकामाची परवानगी, पर्यावरणाची परवानगी, आणि त्या टेकड्यांखाली राहणाऱ्यांचा होकार. ३० जुलै २०२४ ला वायनाडच्या दरडी कोसळल्यानंतर त्या भागात ‘डोंगर कापायचा’ हा शब्द कसा ऐकू येत असेल ते सांगायला नको. काम मातीपाशी अडकत राहिलं.

जेएफकेच्या वेळी वाळू शेजारच्या खाडीतून उपसली आणि ग्रासी बेचा खड्डा राहिला. इथे खड्डा दुसऱ्या टेकडीत पडणार. माझं मत विचाराल तर मोठी विमानं हा हट्ट थोडा सैल करून, कमी लांबी घोषित करणं आणि मिळेल तेवढ्या जागेत ईमास यांचा गंभीर हिशेब भरावाच्या आधी मांडायला हवा होता. ईमास महाग आहे हे खरं. एकदा विमान घुसलं की ठोकळे बदलावे लागतात, आणि आपल्या पावसात त्याची निगा कशी राहील हा प्रश्नही खरा. शिकागोच्या मिडवेला मात्र आता रिसायकल केलेल्या काचेच्या फेसापासून केलेला नवा प्रकार बसवला आहे. कामाच्या आधी कागदावर चारही रकाने भरले असते, प्रत्येकासमोर रुपये, घरं, माती, आणि वर्षाला किती विमानं कमी होतील ते लिहिलं असतं, तर कोळिकोडच्या लोकांनाही निवडायला काही मिळालं असतं. १९७१ च्या त्या अहवालात न्यूयॉर्ककरांना निदान एवढं मिळालं होतं.

तुमच्यापैकी कुणी करिपूरच्या आसपास राहत असेल किंवा तिथल्या सुनावणीला गेलं असेल, तर मला जरूर लिहा. मराठी, मल्याळी, इंग्रजी, काहीही चालेल. मल्याळी वाचायला माझी ऑफिसातली शेजारीण मदत करते. बदल्यात तिला माझ्या डब्यातलं थालीपीठ लागतं.

पुढच्या भागात जेएफकेच्याच शेजारचे समुद्रपक्षी. १९७९ मध्ये धावपट्टीजवळच्या दलदलीत त्यांच्या पंधरा जोड्या होत्या, १९९० पर्यंत साडेसात हजारांच्या वर गेल्या, आणि मग विमानतळाने बंदुका आणल्या. तोवर नमस्कार.